वाजवून बघा!

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुणाच्या घरी गेलात, तर पाण्याच्या पेल्याआधी सागवान पुढे येतं. तुम्ही सोफ्यावर टेकता न टेकता तोच यजमान म्हणतो, ‘‘आलापल्लीचा माल आहे.’’ नुसतं ‘असं का’ म्हणून सुटका होत नाही. ‘‘वाजवून बघा!’’ मग पाहुण्याने बोटाच्या पेराने सोफ्याच्या हातावर दोनदा टकटक करायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि ‘‘वा! आता कुठे मिळतं असं लाकूड!’’ म्हणायचं. एवढा विधी झाला की मगच चहाचं आधण चढतं. त्या टकटकीतून नेमकं काय ऐकू यायला हवं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. आपल्याला सागवान ओळखता येत नाही, असं कबूल करणारा माणूस या दोन जिल्ह्यांत अजून जन्माला यायचा आहे.

त्यात मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आमच्याकडचं सागवान बल्लारपूरहून शोभायात्रा काढून, वाजतगाजत रवाना झालं. तेव्हापासून तर बोलायची सोय राहिली नाही. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दिवाणाचं आणि प्रत्येक पाटाचं राममंदिराच्या दारांशी रक्ताचं नातं निघालं. शेजारच्या काकांनी मला स्वयंपाकघरात नेऊन पोळपाट दाखवला. म्हणाले, ‘‘त्याच कूपातला हाय जी.’’ मी पोळपाट वाजवून पाहिला. करता काय.

आमच्या घराची इज्जत एका कपाटाच्या भरवशावर होती. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. मामाजी अहेरीला मास्तर होते, आणि त्या कपाटाची कथा ते रामायणाच्या भक्तिभावाने सांगतात. झाड आलापल्लीच्या जंगलातलं. इतकं उंच की शेंडा पाहायला गेलेल्याची टोपी मागे पडायची. रीतसर लिलावातला ओंडका, त्यावर हातोड्याचा छाप, सोबत वाहतूक परवाना, सगळं कसं नियमात. त्या एका ओंडक्यातून दोन कपाटं झाली आणि दोन मुलींच्या लग्नांपर्यंत सांभाळली गेली. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. कथेचा शेवट ठरलेला असतो. ‘‘जवाईबापू, जिल्हा फुटला, पण माह्यं कपाट नाई फुटलं.’’

दुसरं कपाट साडूकडे, गडचिरोलीला. त्यामुळे आम्हा दोघा साडूंमध्ये गेली कित्येक वर्षं एक शीतयुद्ध चालू आहे. ‘‘आमचं कपाट हलवायला चार माणसं लागली,’’ असं मी म्हटलं, की तो शांतपणे म्हणतो, ‘‘आमच्याले सहा लागले. त्यातल्या एकाची कंबर आजही दुखते.’’ ओंडक्याचा बुंध्याकडचा भाग कुणाच्या कपाटात गेला आणि शेंड्याकडचा कुणाच्या, यावर एका दिवाळीत आमचं जेवण थांबलं होतं.

आता कूलरबद्दल थोडं सांगायला हवं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७च्या पुढे जातो. त्या दिवसांत कूलर हे यंत्र राहत नाही, घरातलं कर्तं माणूस होतं. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो, त्याच्या ताट्यांमधून पाणी गळतं, ते भिंतीत मुरतं, आणि मार्चपासून जूनपर्यंत घराची ती एक भिंत गार आणि ओलसर राहते. माणसाला जे सुख वाटतं तेच वाळवीलाही वाटतं. तिला ओल हवी, अंधार हवा आणि जवळपास लाकूड हवं. आमचं कपाट त्याच भिंतीला टेकून उभं होतं. आणखी वर्णन करत नाही.

एके दिवशी भिंतीवर मातीची एक बारीक रेघ दिसली. बायकोला वाटलं, नातवाने खडूने ओढली. मला वाटलं, रंगाऱ्याने काम नीट केलं नाही. आईला वाटलं, कुंभारीण माशी असेल, राहू द्या, शुभ असतं. बायकोने रेघ झाडूने पुसली. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा जागेवर, आणि वर चार बोटं वाढलेली. तिने पुन्हा पुसली, रेघ पुन्हा आली. ही रस्ताबांधणी आहे, हे आमच्या लक्षातच येईना. आमच्याकडे एवढ्या झटपट दुरुस्त होणारा रस्ता कुणी पाहिलेला नाही.

भेद उघडा पडला तो साडूच्या हातून. तो काही कामासाठी चंद्रपूरला आला होता. चहा घेताघेता बोलणं साहजिकच ओंडक्यावर आलं. मी म्हणालो, ‘‘बुंधा कोणाकडे आहे ते आवाजावरूनच कळतं. वाजवून बघा, साडभाऊ!’’ त्याने बाही सावरली, पेराने दारावर एकदा टक केलं, आणि दुसऱ्या टकेला त्याचं बोट श्रीखंडात जावं तसं दारात गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत.

कुणीच काही बोललं नाही. तो बोटाकडे पाहत होता, मी कपाटाकडे, बायको माझ्याकडे. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर पाच-सहा पांढुरके किडे लगबगीने फिरत होते. साडू म्हणाला, ‘‘वाळवी हाय बापा!’’ त्याच्या आवाजात दुःख होतं. पण ते फार वेळ टिकवणं त्याला जमत नव्हतं, हेही दिसत होतं. चहा अर्धा टाकून तो निघाला. गडचिरोलीला पोहोचल्याबरोबर त्याने स्वतःच्या कपाटाला हात लावून पाहिला असणार. फोन मात्र केला नाही. त्यावरून जे समजायचं ते आम्ही समजलो.

कपाट उघडलं. बाहेरून पॉलिश जिथल्या तिथे, चकाकी तीच. आत मातीचे बोगदे, गल्ल्या, चौक. खालच्या कप्प्यात जुने दिवाळी अंक होते, त्यांच्या जागी फक्त कडा उरल्या होत्या. मधला मजकूर वाचून संपलेला. लग्नातली आहेराची वही अर्धी गेली. ही हानी कागदाची नव्हे, राजनैतिक आहे. कुणाकडून काय आलं होतं ते पाहूनच त्यांच्याकडे परत काय द्यायचं ते ठरतं. आता कुणीही येऊन सांगतो, ‘‘आम्ही तर पितळेची समई दिली होती.’’ विजेची जुनी बिलं मात्र शाबूत. त्यांना वाळवीनेही तोंड लावलं नव्हतं.

कपाटावर नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ठेवलेला होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, खाली चाकं. पोर रडायला लागलं म्हणून मी बैल खाली काढून दिला. हातात घेतल्यावर त्याला वजनच नव्हतं. नातवाने दोरी ओढली. चाकं पुढे निघाली, बैल मागेच राहिला, आणि मग सावकाश, आपल्याच झुलीत बसला.

मुलगा म्हणाला, ‘‘थांबा, मोबाइलवर शोधतो.’’ त्याने ‘वाळवी’ टाइप केलं तर परेश मोकाशींचा २०२३चा सिनेमा आला. सगळे तो पाहत बसले. सिनेमा चांगला होता. तेवढ्या वेळात खाली टीव्हीच्या युनिटमध्येही काम सुरू झालेलं होतं. हे युनिट आम्ही हप्त्यांवर घेतलेलं, दाबून चिकटवलेल्या भुशाचं. वाळवीच्या दृष्टीने ते आयतं चावून ठेवलेलं जेवण.

वाळवीचं वैशिष्ट्य असं, की ती आपल्या घरात निघाली की जगातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ असतो. ‘‘रॉकेल ओता.’’ रॉकेल आता मिळतं कुठे, ते सांगत नाहीत. ‘‘गाडीचं जळालेलं ऑइल फासा, आम्ही वावरातल्या खांबाले तेच लावतो.’’ बायको म्हणाली, ‘‘मग साड्याही वावरातच ठेवू.’’ कुणी मोरचूद सांगितलं, कुणी हिंगाचं पाणी, कुणी कडुनिंबाचं तेल. आम्ही सगळंच केलं. खोलीला असा काही वास सुटला, की वाळवी सोडून बाकी सगळे त्या खोलीतून बाहेर पडले. मूलची मावशी म्हणाली, ‘‘मारू नका जी तिले. जिथं वारूळ तिथं नागोबा. एक वाटी दूध ठेवा.’’ ठेवलं. नागोबा आला नाही. काकांचं मांजर मात्र तेव्हापासून आमच्याकडे राहायलाच आलं आहे.

वनखात्यातून निवृत्त झालेले एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे मोठ्या आशेने गेलो. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, ‘‘अरे, वाळवीवर तर जंगल उभं आहे! पडलेलं लाकूड, पालापाचोळा, सगळ्याची माती कोण करतं? ती नसती तर ताडोब्यात तुला गुडघाभर पाचोळ्यातून चालावं लागलं असतं.’’ मी म्हणालो, ‘‘साहेब, मग आमच्याकडची थोडी घेऊन जा.’’ तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी सांगितलं की ही मुंग्यांची नव्हे, झुरळांची नातेवाईक. कामकरी आंधळे असतात. राणी वारुळात खोल बसून रोज हजारोंनी अंडी घालते, आणि शेजारी एक राजाही असतो. मी उत्सुकतेने विचारलं, ‘‘तो काय करतो?’’ म्हणाले, ‘‘काही नाही. जन्मभर राणीजवळ बसून असतो.’’ ही माहिती मी घरी सांगायला नको होती. तेव्हापासून बायको मला सिंहासनावरून उठून दळण आणायला पाठवते.

त्यांनीच अस्वलाचं सुचवलं, म्हणजे मी ते सूचना म्हणून घेतलं. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. ते नखांनी वारूळ उकरतं, नाकपुड्या मिटून घेतं, ओठांची नळी करतं आणि त्या फटीतून वाळवी सपासप ओढतं. आवाज बऱ्याच लांबपर्यंत जातो. निसर्गाने इतकं सगळं खास याच कामासाठी घडवलेलं यंत्र आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर फुकट फिरतंय, आणि आम्ही हिंगाचं पाणी शिंपडतोय! चंद्रपुरात वाघ-बिबटे वीज केंद्राच्या आवारापर्यंत येऊन जातात. एखादं अस्वल आमच्या बेडरूमपर्यंत यायला हरकत नव्हती. बायको म्हणाली, ‘‘आणलंत तर त्याची आंघोळ तुम्ही घालायची.’’ विषय तिथेच मिटला.

गंमत पाहा. पावसाळा लागला की याच वारुळांवर सात्या उगवतात. वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते, त्या शेतीतून वर आलेल्या या छत्र्या. चंद्रपुरात रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानावर ढीग लावून बाया बसतात, आणि भाव ऐकून मटण खाणाराही दोन पावलं मागे सरतो. तरी आम्ही घेतोच. ‘‘वारुळावरच्याच आहेत ना?’’ असं खात्री करून घेतो, आणि घरी येऊन वाळवीला शिव्या देत सात्यांची भाजी ओरपतो. तिने आमच्याकडून काय खाल्लं त्याचा हिशेब आहे, आम्ही तिच्याकडून काय खाल्लं त्याची वही नाही. असती तरी तिने खाल्ली असती.

शेवटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं ठरलं. पण बायकोची अट होती, दुपारी दोनला, गल्ली झोपलेली असताना. वाळवी लागणं ही आमच्याकडे सांगायची गोष्ट नाही. ती लागते फक्त दुसऱ्यांकडे. तो माणूस मोटरसायकलवर टाकी आणि ड्रिल मशीन बांधून आला. काका नेमके फाटकात उभे. मी म्हणालो, ‘‘कूलर दुरुस्तीवाला आहे.’’ काका त्याच्याकडे पाहून ओळखीचं हसले आणि लगेच हसू गिळून आत गेले.

आत आल्यावर मी विचारलं, ‘‘काका तुम्हाला ओळखतात का?’’

‘‘मागच्या साली त्यांच्याइथं केलं ना जी. त्यांनीबी मले कूलरवालाच म्हणून सांगितलं होतं. या लाइनीत जवळजवळ साऱ्यांइथं झालं. तुमीच राह्यले होते.’’

त्याने काम चालू केलं. जिथे फरशी भिंतीला मिळते तिथे फूट-फूटभर अंतर सोडून एकेक भोक पाडायचं, त्यात औषध ओतायचं, वरून पांढऱ्या सिमेंटने बुजवायचं. फरशी गेल्याच वर्षी बसवलेली. ड्रिल सुरू झालं की बायको डोळे मिटून घ्यायची. गल्ली झोपेतून उठली. कूलर दुरुस्तीला एवढं खणावं लागतं का, असं विचारायला कुणी आलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

‘‘वास तर काही येत नाही,’’ मी शंका काढली. हिंग-रॉकेलानंतर औषध म्हणजे वास, असा माझा ठाम समज झालेला.

‘‘तेच तर हाय ना. तिले समजतच नाई. ते औषधातून चालत जाते, अंगाले लावून घेते अन् घरी जाऊन साऱ्यांले देते. प्रसाद वाटल्यावानी.’’

‘‘गॅरंटी?’’

‘‘पाच वर्षं.’’

‘‘वाळवी येणार नाही याची?’’

‘‘आली तर मी येईन याची.’’

हे ऐकून मला बरं वाटलं, का वाटलं ते सांगता येत नाही. पैसे देताना मी भाव कमी करायला लागलो, तर तो म्हणाला, ‘‘२०११ मध्ये तिकडं यूपीत बाराबंकीले एका बँकेत कोटभराच्या नोटा खाल्ल्या वाळवीनं. तुमचे तर दिवाळी अंकच गेले.’’ मी मुकाट्याने पूर्ण पैसे दिले. कोटभरापुढे घासाघीस शोभत नाही.

आता प्रश्न कपाटाचा. मिस्त्रीला बोलावलं. त्याने दार उतरवलं, पटाशीने एक खपली काढली, बोटांनी चोळली, आणि फार वेळ काहीच बोलला नाही. सुतार गप्प बसला की खर्च वाढतो, एवढं मला माहीत आहे.

‘‘सर, खरं सांगू का?’’

‘‘सांगा.’’

‘‘चौकट सागाची हाय. पण त्यात पांढरं लाकूड लय. सागाचा लाल गाभा असते ना, त्यात तेल असते, त्याले वाळवी सहसा तोंड नाई लावत. सालीकडचा हा पांढरा भाग मात्र तिले चालते. अन् दाराच्या मधात तर...’’ त्याने बायकोकडे पाहिलं. ‘‘मधात आंब्याच्या फळ्या हायेत. वरून सागाची पट्टी मारली अन् पॉलिश केलं.’’

म्हणजे लिलाव, हातोडा छाप, टोपी पाडणारं झाड, राममंदिराचं नातं, या सगळ्याला आजवर कुणीच आव्हान दिलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पिढ्यान्पिढ्या वाजवून पाहिलं, आणि सगळ्यांना सागच ऐकू आला. वाळवीने मात्र चौकटीतला लाल गाभा तेवढा अचूक बाजूला ठेवला होता. आंबा संपवला, पांढरं संपवलं, आणि साग जिथे खरा होता तिथे थांबली. लाकडाचा ओंडका इकडून तिकडे न्यायचा तर आपल्याला परवाना लागतो, तपासणी नाका लागतो. हिने नाकाच ठेवला नाही, आणि तपासणी एकाही माणसाला जमली नव्हती इतकी चोख केली.

बायकोने मिस्त्रीला चहा दिला, वर खारी दिली, आणि मग त्याला शपथ घातली. मलाही घातली. ‘‘बाबांना यातलं काही कळता कामा नये.’’ मी तिला आठवण करून दिली नाही, की लग्नानंतर माझ्या वडिलांच्या टेबलाचा पाय निखळला तेव्हा ‘तुमच्याकडचं लाकूडच तसं’ असं कोण म्हणालं होतं. टेबलाला वाळवीने हात लावलेला नाही, हेही मी बोललो नाही. फक्त त्या दिवसांत मी त्या टेबलावर बसून जरा जास्त वेळ लिहीत असे.

पण साडू गप्प बसतो थोडाच. बोट दारात गेल्याची बातमी मामाजींना कळली, आणि ऐंशी ओलांडलेले मामाजी एसटीने अहेरीहून निघाले. पिशवीत आमच्यासाठी मोहाचे लाडू, हातात काठी. गल्लीतही कुणकुण लागली असावी, कारण ‘सहज आलो’ म्हणत काका आले, समोरचे मास्तर आले. सगळे कपाटासमोर ओळीने उभे. दार उतरवलेलं, आतल्या आंब्याचा भुसा खाली सांडलेला, बाजूला टीव्हीचं युनिट अर्धं खचलेलं. बायको पदराचं टोक पिळत होती. मामाजींनी चष्मा पुसला. वाकले. भुसा चिमटीत घेतला, नाकाशी नेला. काठीने चौकटीवर हळूच ठोकलं. मग सरळ उभे राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

‘‘पाहा!’’ ते म्हणाले. ‘‘मी म्हणत नव्हतो? अस्सल माल! अरे, नकली लाकडाले वाळवी विचारते तरी का? तिले बरोब्बर समजते! कितीक वर्षं शोधत आली असंल बिचारी आलापल्लीवरून!’’

टीव्हीच्या युनिटकडे सगळ्यांनी एकाच वेळी पाठ केली. समोरचे मास्तर म्हणाले, ‘‘वा! आता कुठे मिळतं असं लाकूड!’’ बायकोने पदर सोडला आणि चहा टाकायला गेली. मामाजींनी लगेच साडूला फोन लावला आणि त्याच्या कपाटाला अजून लागली की नाही, याची चौकशी सुरू केली. आवाजात काळजी होती. काका मात्र थोडा वेळ घुटमळले. मग माझ्या कानाशी येऊन, मामाजींनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले,

‘‘आमच्याइथं तर मागच्या साली दोन खोल्यांत लागली होती जी.’’